हिच्या बाजूची स्प्रिंग

आमची गाडी वळणावर कलते, हे मी कधीच नाकारलं नाही. पण ती कलंडते असं म्हणणारा माणूस अडाणी असतो आणि दुर्दैवानं तो माझा साडू आहे. त्याच्याकडे नवी गाडी आहे. साबणाच्या वडीसारखी, कुठूनही बघा, सारखीच दिसते. काचा आपोआप वर जातात, दारं आपोआप बंद होतात आणि रस्ता चुकला की आतून एक बाई रागावते. अशा गाडीत बसणाऱ्याला स्वतःला काही यावं लागत नाही, म्हणूनच साडूनं ती घेतली असावी. माझी गाडी माझ्यापेक्षा वयानं मोठी आहे. तिला पुढे एकच लांब बाक आहे, बॉनेटच्या चकाकीत अजून तोंड दिसतं आणि तिचा हॉर्न वाजला की माणसं आदरानं बाजूला होतात. हॉर्न एकदा वाजला की थांबत नाही म्हणून होतात, असं साडू सांगत फिरतो. त्याच्याकडे लक्ष देऊ नये.

तर एका सकाळी हिनं चहाचा कप माझ्यासमोर ठेवला आणि सांगून टाकलं, "आईच्या वाढदिवसाला मी ताईच्या गाडीतून जाणार आहे."

"आणि मी?"

"तुम्ही या की तुमच्या गाडीतून. मागून."

सासूबाई डोंगरावरच्या गावात राहतात. तिथवर जाणारा रस्ता आखणाऱ्याला सरळ रेषेचा काही वैयक्तिक राग असावा. आमची गाडी त्या रस्त्याला लागली की तिसऱ्या वळणाला हिचा रुमाल तोंडाशी जातो, पुढे बोलणं बंद होतं आणि वर पोचेपर्यंत चेहरा पांढराफटक पडतो. मग ही आईला भेटण्याआधी मोरीत जाते आणि सासूबाई माझ्याकडे अशा बघतात, की जणू मी त्यांच्या मुलीला वाटेत मारझोड केली आहे. वास्तविक मी वाटेत फक्त बोलतो. गाडीची माहिती सांगतो.

"भाऊजींच्या गाडीत मला काही होत नाही," ही म्हणाली.

"त्या गाडीत कुणालाच काही होत नाही. ती गाडी नाहीच, लिफ्ट आहे."

"असू दे. लिफ्टमध्ये मळमळत नाही."

माझ्या मनात चित्र उभं राहिलं. पुढे साडूची वडी, तिच्यात मागच्या सीटवर माझी बायको, आणि मागून मी एकटा, शेजारी रिकामा बाक घेऊन. वर पोचल्यावर सगळं सासर फाटकात उभं असणार आणि साडू खाली उतरून विचारणार, "काय, आलात का सुखरूप?" लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर माणसाला फार मोठ्या इच्छा उरत नाहीत. बायको आपल्या शेजारी बसावी, एवढी एक मला उरली होती. मी त्याच क्षणी ठरवलं, की वाढदिवसाच्या आत गाडीचं कलणं बंद करायचं आणि हिला माझ्या शेजारी बसवून डोंगरावर न्यायचं.

असा निश्चय मनातल्या मनात करायचा असतो. मी तो जिन्यात बोलून दाखवला. वरच्या मजल्यावर भौतिकशास्त्राचे एक प्राध्यापक राहतात. त्यांना उभ्या आयुष्यात एकही गाडी घेता आली नाही, त्यामुळे गाड्यांविषयीचं त्यांचं ज्ञान निर्मळ राहिलेलं आहे. त्यांनी मला कठड्याला टेकवलं आणि गुरुत्वमध्य समजावून सांगितला.

"तुमचा गुरुत्वमध्य वर आहे. तो खाली आणा."

"कसा?"

"वाळू. डिकीत वाळूची पोती ठेवा. साधा सिद्धांत आहे."

सिद्धांत साधाच होता. बाजारातल्या चौकात मी वळण घेतलं, गाडी कलली, आणि ती कलली म्हणून डिकीतली पोती घरंगळत त्याच बाजूला गेली. त्यामुळे गाडी आणखी कलली. पूर्वी ती वळण संपल्यावर तरी सरळ व्हायची. आता पोती तिकडेच बसून राहिली आणि मी घरापर्यंत एका कानावर झोपल्यासारखा आलो. शिवाय एक पोतं फुटलं. प्राध्यापकांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "पोती बांधायला हवी होती, हे उघड आहे." विद्वान माणसाला उघड गोष्टी नेहमी नंतर दिसतात.

शेवटी मी डॉक्टरकडे गेलो. हा डॉक्टर म्हणजे जुन्या गाड्यांचा मेकॅनिक. तो गाडीला पेशंट म्हणतो, गॅरेजला दवाखाना म्हणतो आणि पेशंट दगावला की दोष नातेवाइकांना देतो. तोंडाचा पट्टा सुरू झाला की हातातलं काम थांबतं, अशी त्याची पद्धत आहे. त्यानं गाडीखाली डोकं घातलं, बराच वेळ चुकचुकला आणि मला खाली वाकायला लावलं.

"हा बार बघा साहेब. स्टॅबिलायझर बार. पुढच्या दोन चाकांना जोडून असतो. एक चाक दबलं की हा दुसऱ्यालाही सोबत ओढतो, म्हणून गाडी वळणावर ताठ राहते. तुमचा केवढा आहे? आमच्या घरी पडद्याचा गज याच्यापेक्षा जाड आहे."

"मग जाड बसवू या."

"बसवू या ना. माझ्याकडे ॲम्ब्युलन्सचा आहे एक. पेशंटला हलू द्यायचं नसतं, म्हणून त्यांचे बार दणकट."

ॲम्ब्युलन्सचा बार बसला. पहिल्या वळणावर गाडी एवढी ताठ राहिली, की मला भरून आलं. मी मुद्दाम बसथांब्यावरून दुसरं वळण घेतलं, कारण तिथे आमच्या इमारतीतली मंडळी उभी असतात. तिथे गाडीच्या पोटातून काहीतरी तुटल्याचा आवाज आला आणि तो नवा बार, ज्या पट्टीला अडकवला होता त्या पट्टीसकट, खाली येऊन रस्त्यावर ठिणग्या उडवत फरफटू लागला. मी थांबलो. बसथांब्यावरचा एक गृहस्थ अत्यंत नम्रपणे म्हणाला, "अहो, तुमचं काहीतरी सांडलंय."

डॉक्टरनं निदान केलं. बार उत्तम होता, गाडी कमजोर होती. जिथे बार टांगायचा तो पत्रा गंजून पापुद्र्यासारखा झाला होता. तिथे नवी पट्टी वेल्डिंग करावी लागणार होती आणि दवाखान्यात एकही खाट रिकामी नव्हती. म्हणून घरी उपचार ठरले. गाडी आमच्या इमारतीखाली, आमच्या जागेत, लाकडी ठोकळ्यांवर चढली आणि तिची चारही चाकं निघाली.

आता आमच्या इमारतीच्या सेक्रेटरीविषयी. हे गृहस्थ निवृत्त आहेत. कशातून निवृत्त झाले ते कुणाला माहीत नाही, पण तिथल्या लोकांना आनंद झाला असणार. त्यांना आम्ही नियमावली म्हणतो. ते दुसऱ्याच दिवशी सकाळी गाडीभोवती फिरले आणि संध्याकाळी फलकावर सूचना लागली, की वाहनतळावर फक्त वाहन ठेवता येईल.

"ही गाडी आहे," मी त्यांना सांगितलं.

"चाकं कुठायत?"

"काढलीत."

"मग ते वाहन नव्हे. ते सामान झालं. सामान गच्चीवर ठेवायचं असतं."

"तुम्ही झोपताना कवळी काढून ठेवता, तेव्हा तुम्हालाही सामान म्हणायचं का?"

हे मी बोलायला नको होतं, असं नंतर पुष्कळांनी सांगितलं. बैठक बोलावण्यात आली. तिच्यात प्राध्यापक वाहनाची व्याख्या करायला उभे राहिले आणि लवकर बसले नाहीत. अखेर समितीनं असा तोडगा काढला, की चाकं वाहनाला लावलेली नसली तरी चालतील, मात्र ती वाहनाच्या सान्निध्यात असावीत. त्याप्रमाणे मी प्रत्येक चाक आपापल्या जागेसमोर टेकवून ठेवलं. नियमावली रोज सकाळी सान्निध्य तपासून जात.

पट्टी बसली, बार बसला, चाकं लागली. गाडी आता वळणावर कलत नव्हती, उड्या मारत होती. रस्त्यात खड्डा गेला की माझं डोकं छताला लागायचं आणि खड्डा मागे पडल्यावरही बराच वेळ लागत राहायचं. डॉक्टर म्हणाला, शॉकअप गेले. मग शॉकअप बदलले. ते मालवाहू टेम्पोचे निघाले, त्यामुळे उड्या थांबल्या आणि दात वाजू लागले. रस्त्यावर आगपेटीची काडी पडली असली तरी ती मला पाठीच्या कण्यातून कळायची. ही गॅलरीतून सगळं बघत असे. एकदा तिनं वरून विचारलं, "बरं आहे ना?" मी मान हलवली. मान त्या दिवसांत आपोआपच हलत होती.

"साहेब, आता शेवटचं," डॉक्टर म्हणाला. "पुढच्या स्प्रिंगा म्हाताऱ्या झाल्या. त्यांच्यामुळे बाकी सगळ्यांवर ताण येतोय. नव्या करून घेऊ. कारखान्यातून मापानं बनवून आणतो. गाडीत रोज कोण बसणार?"

"मी आणि ही."

"दोघंच?"

"दोघंच."

"मग कपडे शिवतात तशी बनवू. ज्या बाजूला जड माणूस, त्या बाजूची स्प्रिंग कडक. हलका माणूस, त्या बाजूची नरम. दोघं बसलात की गाडी टेबलासारखी सपाट. वजनं सांगा."

ही कल्पना मला फार आवडली. साडूच्या गाडीत कुणीही बसावं, तिला त्याचं काही नाही. आमची गाडी जगात फक्त आम्हा दोघांच्या मापाची असणार होती. मला तर हे सांगताना हिचा चेहरा कसा होईल, तेसुद्धा दिसू लागलं.

आता इथे कुणी सामान्य माणूस असता तर तो घरी गेला असता, त्यानं बायकोला वजन विचारलं असतं आणि बोलणी खाल्ली असती. मला त्याची गरज नव्हती. मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. गावातल्या प्रत्येक दुकानदाराच्या काट्यावर माझा शिक्का असतो. एवढी वर्षं तोलणाऱ्यांना तोलल्यावर माझी नजर अशी तयार झाली आहे, की समोरच्या पोत्यात माल किती आणि दगड किती हे मी दारातूनच सांगतो. माणूस तर पोत्याहून सोपा.

"माझं बासष्ट," मी म्हणालो.

डॉक्टरनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बासष्ट?"

"दिसायला रुंद आहे. हाडं हलकी आहेत."

"आणि वहिनी?"

मी डोळे मिटून विचार केला. ही जिना चढते तेव्हा खालपासून पावलांचा आवाज येतो. माझ्या पावलांचा कधी येत नाही. अर्थात मी लिफ्टनं जातो. शिवाय ही एखादा शब्द बोलली, की तो दिवसभर जागचा हलत नाही. एकंदरीत विचार करून मी म्हणालो, "अठ्ठ्याहत्तर."

त्याप्रमाणे स्प्रिंगा आल्या. हिच्या बाजूला कडक, माझ्या बाजूला नरम. बसवून झाल्यावर गाडी खाली उतरवली, तर ती माझ्या बाजूला थोडी झुकून उभी राहिली. येणारा-जाणारा तिच्याकडे बघताना मान वाकडी करू लागला.

"रिकाम्या पोटी असंच दिसणार," डॉक्टर म्हणाला.

मी आत बसलो. गाडी माझ्या बाजूला आणखी खाली गेली.

"हे कसं?"

"साहेब, तुम्ही तर काट्यातले. एका पारड्यात माल टाकला आणि दुसरं रिकामं ठेवलं तर काटा सरळ राहील का? वहिनी बसल्या की बरोबर."

माझ्याच धंद्यातला दाखला दिल्यावर मला पटणं भाग होतं. पण हिला बसवणार कसं? हिनं सांगून ठेवलं होतं, की सगळे प्रयोग संपल्याशिवाय आणि कुणीतरी शहाण्या माणसानं गाडी तपासल्याशिवाय ती आत पाय ठेवणार नाही. त्यातच नियमावलींनी वर बघून एक नवा शोध लावला. आमची गाडी तिरकी असल्यामुळे तिचा टप शेजारच्या जागेच्या हद्दीत गेला होता. हे हवेतलं अतिक्रमण होतं. गाडी निर्धोक असल्याचा सरकारी दाखला आणा, नाहीतर गाडी हलवा, असं त्यांनी फर्मावलं.

म्हणून मी वाहन कार्यालयात गेलो. तिथल्या साहेबांसमोर एक टेबल होतं आणि टेबलावर त्यांचा डबा होता. मी कितीही वाजता जावं, तो डबा नेमका उघडायच्या बेतात असे.

"गाडीत बदल केलाय. मग मूळ कंपनीची संमती लागेल," साहेब म्हणाले.

"कंपनी कधीच बंद पडली."

"तसं पत्र आणा."

"कोणाचं?"

"कंपनीचं."

"बंद पडलेल्या कंपनीनं आपण बंद पडल्याचं पत्र द्यायचं?"

"चालू कंपनी असं पत्र कशाला देईल?" साहेब म्हणाले. त्यांच्या बोलण्यात एक प्रकारचा तर्क होता, आणि तोच असह्य होता. मी स्वतः सरकारी नोकर आहे. लोकांना परत कसं पाठवावं हे मला शिकवण्याची गरज नाही. पण आमच्या खात्यात हे काम थोडं सफाईनं होतं. मी पुन्हा गेलो, पुन्हा डबा उघडायच्या बेतात होता, पुन्हा गेलो. शेवटी माझं तोंड बघायचा कंटाळा आला म्हणून साहेब म्हणाले, "बदल ज्यांच्यासाठी केला त्या माणसांना घेऊन या. मेकॅनिकलाही आणा. बघतो आणि मोकळं करतो."

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी आम्ही कार्यालयाच्या आवारात जमलो. ही कामावरून अर्धी सुट्टी टाकून बसनं आली. मी तिला म्हणालो होतो, गाडीतूनच चल. ती म्हणाली, "आधी पास होऊ दे." साहेब बाहेर आले, गाडीभोवती फिरले, त्यांनी चाकाला लाथ मारली. सरकारी तपासणी लाथेशिवाय पुरी होत नाही.

"बसा दोघं."

मी माझ्या जागी बसलो. गाडी माझ्या बाजूला दबली. ही शेजारी बसली. मी डोळे मिटून घेतले आणि गाडी सपाट होण्याची वाट पाहिली. काहीच झालं नाही. हिच्या बाजूची स्प्रिंग जणू हिला ओळखतच नव्हती. बाक एवढा उतरता झाला होता, की ही हळूहळू माझ्याकडे घसरू लागली आणि तिनं दाराची कडी धरली.

"उतरा तुम्ही," साहेब मला म्हणाले. मी उतरलो. गाडी पुष्कळशी सरळ झाली. "बसा." बसलो. गाडी झुकली. त्यांनी मला असं तीनदा उठबस करायला लावलं. आवारात आलेले टेम्पोवाले आणि त्यांचे सोबती गोळा होऊन बघू लागले.

"गाडीत दोष नाही," साहेब म्हणाले. "दोष चालकात आहे."

"वजनाप्रमाणे स्प्रिंगा केल्यात साहेब," डॉक्टर ताबडतोब नातेवाइकांवर घसरला. "यांनी सांगितली तीच वजनं घेतली. हे बासष्ट, वहिनी अठ्ठ्याहत्तर."

ही माझ्याकडे वळली.

"अठ्ठ्याहत्तर?" ही म्हणाली.

"अंदाजे," मी म्हणालो.

कोपऱ्यात मालाच्या गाड्या तपासण्याचा मोठा काटा होता. पोती तोलायचा. साहेबांनी काही न बोलता त्याच्याकडे बोट केलं. मी त्यावर चढलो, कारण न चढणं जास्त वाईट दिसलं असतं. काटा एक्याऐंशीवर जाऊन थांबला. टेम्पोवाल्यांपैकी एकानं आकडा मोठ्यानं वाचला.

"हा काटा खोटा आहे," मी म्हणालो. "असे काटे मी रोज जप्त करतो. तपासणीचा शिक्का दाखवा."

साहेबांनी काट्याची मागची बाजू वळवली. शिक्का ताजा होता. खाली सही होती. सही माझी होती, आणि चांगली सुवाच्य होती.

मग ही स्वतः होऊन काट्यावर चढली. कुणी सांगितलं नव्हतं. काटा एकोणसाठला टेकला. ही खाली उतरली, पर्स खांद्याला लावली आणि म्हणाली, "मी ताईला फोन करते. सकाळी लवकर घ्यायला या म्हणून सांगते."

मला आयुष्यात अनेकदा राग आला आहे, खरं सांगायचं तर रोजच येतो. त्या वेळी मात्र मला भीती वाटली. ॲम्ब्युलन्सचा बार, टेम्पोचे शॉकअप, मापाच्या स्प्रिंगा, हे सगळं करून मी हिला शेजारी आणण्याऐवजी कायमची साडूच्या गाडीत बसवली होती. मला सासरच्या फाटकाशी जमलेली माणसं दिसू लागली. मी तिच्या मागे चार पावलं गेलो.

"जाऊ नकोस," मी म्हणालो. "तू शेजारी बसावीस म्हणून केलं सगळं."

"म्हणून मला अठ्ठ्याहत्तरची केलीत?"

ही माझ्याकडे बघत राहिली. फोन हातात होता, पण लावला नव्हता. साहेबांनी डब्याच्या दिशेनं एकदा पाहिलं.

"अहो, भांडताय कशाला? कडक स्प्रिंगेवर जड माणूस बसवा, नरमवर हलका. बाजू बदला. बाईंकडे लायसन आहे का?"

"आहे," ही म्हणाली.

ही सार्वजनिक ग्रंथालयाच्या फिरत्या वाचनालयाची व्हॅन चालवते. आठवडाभर, पुस्तकांनी भरलेली, गल्लीबोळांतून. हे मी आधी सांगितलं नाही, कारण त्याचा इथे काही संबंध आहे असं मला वाटलं नव्हतं. आमच्या गाडीला मात्र मी तिला कधी हात लावू दिला नव्हता. जुन्या यंत्राला जाणकार हात लागतो, असं माझं मत होतं.

ही वळसा घालून माझ्या जागेवर जाऊन बसली. मी तिच्या जागेवर बसलो. गाडी एकदा खाली गेली, एकदा वर आली आणि स्थिर झाली. साहेबांनी वाकून, एक डोळा मिटून पुढचा बंपर पाहिला. तो टेबलासारखा सपाट होता.

"पास," ते म्हणाले आणि जेवायला गेले. दाखल्यावर त्यांनी शेरा मारला, की वाहन समतोल आहे, मात्र पतीस चालकाच्या जागी बसवू नये. नियमावलींनी तो दाखला दोनदा वाचला आणि एक प्रत फलकावर लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडू दारात वडी घेऊन उभा होता. ही त्याला म्हणाली, "भाऊजी, तुम्ही व्हा पुढे. आम्ही येतो आमच्या गाडीनं." आमच्या गाडीनं, असं ती म्हणाली. साडूचं तोंड बघण्यासारखं झालं होतं आणि मी ते पोटभर बघून घेतलं. मी हिच्या शेजारी बसलो. कोण कुठे बसलं हे बाजूला ठेवलं, तर मला जे हवं होतं ते मला मिळालं होतं. नवरा-बायको एका गाडीत, एका बाकावर, शेजारी शेजारी. मला फार बरं वाटत होतं.

डोंगर सुरू झाला. गाडी ही झकास चालवत होती, आणि हे मी कुणासमोर कबूल करणार नाही. वळणावर गाडी तसूभरही कलली नाही. दुसऱ्या वळणाला हिनं वडीला मागे टाकलं. तिसऱ्या वळणाला मला जाणवलं, की शेजारी बसलेल्या माणसाला पुढचं वळण कधी येणार हे आधी कळत नाही. हातात धरायला काही नसतं. टेम्पोचे शॉकअप खालून गदागदा हलवतात आणि रस्ता एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून पोटात शिरतो. मी खिशात रुमाल चाचपला.

ही मात्र खुलली होती. या गाडीत ती एवढी बोलताना मी कधी ऐकलंच नव्हतं. स्टिअरिंग कसं हलकं आहे, इंजिनाचा आवाज कसा भरदार आहे, चढावर ती कशी अडखळत नाही. ती एकेक गोष्ट मला नीट समजावून सांगत होती.

"किती छान गाडी आहे हो," ती म्हणाली. "इतक्या वर्षांत मला कधी सांगितलं का नाहीत?"

इतकी वर्षं मी याच रस्त्यावर दुसरं काहीच सांगितलं नव्हतं. उत्तर माझ्या ओठांवर होतं, चांगलं लांबलचक होतं. पण तोंड उघडण्याची सोय नव्हती.